अर्धस्वयंचलित शिकारी रायफलीची नळी बदलताना कॅलिबरची निवड : एक विवेचन

प्रस्तावना

रायफलीच्या सर्व भागांत सर्वाधिक झीज सोसणारा भाग म्हणजे तिची नळी होय. प्रत्येक बारासोबत दारूच्या ज्वलनातून निर्माण होणारे अतितप्त वायू नळीच्या आरंभीच्या भागावरून वेगाने जातात आणि तेथील पोलाद हळूहळू खरवडले जाते. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोप्यांतील क्षारांमुळे नळीला आतून गंज चढतो, तो वेगळाच. अशा रायफलीचे बाकीचे यंत्र मात्र पुष्कळदा सुस्थितीत असते. ज्या देशांत शिकार कायदेशीर आहे तेथे, विशेषतः अमेरिकेत व युरोपात, अशा वेळी रायफल टाकून न देता तिला नवी नळी बसविण्याची पद्धत रूढ आहे. नळी बदलायचीच आहे, तर पूर्वीचेच कॅलिबर ठेवावे की दुसरे घ्यावे, हा प्रश्न त्यातूनच उपस्थित होतो.

हाताने बोल्ट मागेपुढे करावयाच्या रायफलीत या प्रश्नाचे उत्तर तुलनेने सोपे आहे. अर्धस्वयंचलित रायफलीत ते तसे नाही. तेथे काडतूस केवळ गोळी फेकत नाही, तर रिकामी पुंगळी बाहेर काढणे, घोडा पुन्हा चढविणे व पुढचे काडतूस आत ढकलणे ही सर्व कामेही त्याच काडतुसाच्या शक्तीवर चालतात. म्हणजे कॅलिबर बदलणे हे एका अर्थी इंजिनाचे इंधन बदलणे होय. ही गोष्ट लक्षात न घेता केवळ गोळीच्या व्यासाचा विचार केल्यास रायफल बिघडते आणि प्रसंगी चालविणाऱ्याला इजा होते. प्रस्तुत लेखात या निवडीमागील यांत्रिक व कायदेशीर बाबींचा विचार मुख्यतः अमेरिकन ‘एम-१ गॅरंड’ रायफल व ‘.३०-०६ स्प्रिंगफील्ड’ या काडतुसाच्या आधारे केला आहे. मूळची लष्करी असलेली ही रायफल पुढे मोठ्या प्रमाणावर नागरिकांच्या हाती गेली व शिकारीसाठीही वापरली गेली.

संज्ञांचा खुलासा

कॅलिबर म्हणजे सामान्यतः नळीचा आतील व्यास. व्यवहारात मात्र हा शब्द संपूर्ण काडतुसाच्या नावासाठी वापरला जातो आणि तेथेच गोंधळाला आरंभ होतो. ‘.२७० विंचेस्टर’ या काडतुसाची गोळी .२७७ इंच व्यासाची असते, तर ‘.२८० रेमिंग्टन’ची .२८४ इंच. ‘.३०-०६’ मधील ‘०६’ हा आकडा व्यासाचा नसून १९०६ या वर्षाचा आहे. नावावरून व्यास किंवा व्यासावरून काडतूस ठरविता येत नाही, हे येथेच नमूद केलेले बरे.

काडतुसाच्या पितळी भागास पुंगळी म्हणतात. नळीच्या मागील टोकाशी काडतूस जेथे बसते त्या पोकळीस चेंबर, चेंबरचे दार बंद करणाऱ्या पोलादी भागास बोल्ट आणि नळी व बोल्ट यांना धारण करणाऱ्या सांगाड्यास रिसीव्हर अशी नावे आहेत. नळीतील काही वायू ज्या बारीक भोकातून बाहेर घेतला जातो त्यास या लेखात ‘वायुछिद्र’ म्हटले आहे.

बोल्टचे तोंड व पुंगळीचे कूळ

निवडीची पहिली मर्यादा बोल्ट घालून देतो. बोल्टच्या तोंडाशी असलेली खोबण विशिष्ट व्यासाच्या पुंगळीचे बूड धरण्यासाठीच कातलेली असते. .३०-०६ च्या बुडाचा व्यास .४७३ इंच, म्हणजे सुमारे १२ मिलिमीटर आहे. याच पुंगळीचे तोंड कधी आवळून तर कधी रुंदावून अनेक काडतुसे तयार झाली. .२५-०६ रेमिंग्टन, .२७० विंचेस्टर, .२८० रेमिंग्टन आणि .३५ व्हेलेन ही सारी एकाच कुळातील होत. .३०८ विंचेस्टर (१९५२) हे आखूड काडतूस व त्यापासून निघालेली .२४३ विंचेस्टर व ७ मिलिमीटर-०८ रेमिंग्टन यांचेही बूड तेवढेच आहे. त्यामुळे या दोन्ही कुळांतील काडतुसे त्याच बोल्टमध्ये बसतात. मॅग्नम काडतुसांचे बूड मात्र .५३२ इंचांचे असते. त्यासाठी बोल्टच बदलावा लागतो. अर्धस्वयंचलित रायफलीत बोल्ट बदलला की वजनाचा व स्प्रिंगचा हिशेबही बदलतो. म्हणून जुन्या रायफलीला मॅग्नम नळी बसविण्याचा मोह टाळणेच शहाणपणाचे ठरते.

दुसरी मर्यादा लांबीची. .३०-०६ चे पूर्ण काडतूस सुमारे ८५ मिलिमीटर लांब असते, तर .३०८ चे ७१ मिलिमीटर. लांब मॅगझिनमध्ये आखूड काडतूस बसविता येते, पण उलट करता येत नाही. या अडचणीवर काढलेला एक चतुर तोडगा म्हणून ‘.२८४ विंचेस्टर’ या १९६३ च्या काडतुसाकडे पाहता येईल. आखूड सांगाड्याच्या ‘मॉडेल १००’ या अर्धस्वयंचलित व ‘मॉडेल ८८’ या लिव्हरच्या रायफलीत लांब काडतुसाइतकी दारू मावावी, म्हणून त्याच्या पुंगळीचे अंग जाड केले, परंतु बूड मात्र .४७३ इंचांचेच ठेवले. येथे रायफलीसाठी काडतूस घडविले गेले. नळी बदलणाऱ्याला ही मुभा नसते. हातातील यंत्राला मानवेल असे काडतूस त्याला तयार मालातूनच निवडावे लागते.

नळी व बोल्ट एकमेकांत कोठे अडकतात, हेही पाहावे लागते. गॅरंडचा बोल्ट रिसीव्हरमध्ये अडकतो. रेमिंग्टनच्या ७४० व ७४२ या शिकारी रायफलींत आणि एआर-१५ प्रकारच्या रायफलींत तो नळीला जोडलेल्या विस्तारभागात अडकतो. दुसऱ्या प्रकारात नवी नळी विस्तारभागासह घ्यावी लागते आणि बोल्ट व चेंबर यांतील अंतर तेथेच ठरते. हे अंतर जास्त झाले तर पुंगळी ताणली जाऊन बुडापाशी फाटते. कमी झाले तर बोल्ट पूर्ण बंद होत नाही. मापपट्ट्यांनी ते तपासणे हे अनुभवी कारागिराचे काम आहे. रिसीव्हरमधील बोल्टचे मार्ग झिजलेले असल्यास नव्या नळीवर केलेला खर्च वाया जातो. कॅलिबरची चर्चा त्यानंतरची.

वायुछिद्राचा प्रश्न

काडतूस बोल्टमध्ये बसले, मॅगझिनमध्ये मावले, म्हणजे काम झाले असे पुष्कळांना वाटते. अर्धस्वयंचलित रायफलीत खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते.

गॅरंडमध्ये वायुछिद्र नळीच्या अगदी टोकाजवळ, तोंडापासून जेमतेम चार सेंटिमीटर अंतरावर आहे. गोळी त्या छिद्रावरून पुढे गेली की वायू खाली उतरून लांब चालक दांड्याच्या टोकावर आदळतो आणि दांडा मागे जाऊन बोल्ट उघडतो. गोळी नळीबाहेर पडताच दाब ओसरतो. म्हणजे गोळी छिद्रापासून तोंडापर्यंत पोहोचेपर्यंतच्या अत्यल्प काळात छिद्रापाशी किती दाब असतो, यावर सारे यंत्र अवलंबून असते. दाब कमी पडला तर पुंगळी अडकते. जास्त झाला तर बोल्ट वाजवीपेक्षा जोरात मागे फेकला जातो, पुंगळीची कड फाटते आणि चालक दांडा वाकतो.

येथे कमाल दाब व छिद्रापाशी असलेला दाब यांतील भेद समजून घेणे अगत्याचे आहे. कमाल दाब चेंबरजवळ, गोळी नुकतीच सुटत असताना निर्माण होतो. अमेरिकन मानकांनुसार .३०-०६ साठी त्याची मर्यादा दर चौरस इंचास ६०,००० पौंड, .३०८ साठी ६२,००० आणि .२७० साठी ६५,००० पौंड आहे. कारखानदार हेच आकडे देतात व खरेदीदारही तेच पाहतात. मात्र चालक दांड्याला या आकड्यांशी थेट कर्तव्य नसते. त्याला पोहोचतो तो दाब दारूच्या जळण्याच्या गतीवर, पुंगळीतील दारूच्या प्रमाणावर आणि नळीच्या व्यासावर ठरतो. मंद जळणारी दारू गोळी नळीच्या टोकाशी पोहोचली तरी दाब टिकवून धरते. गॅरंडसाठी मध्यम गतीची दारूच वापरावी, हा नियम अनुभवातून रूढ झाला तो याच कारणाने.

आता .३०-०६ च्या कुळाकडे पुन्हा पाहू. पुंगळी जवळजवळ सारखीच, पण तोंड वेगळे. नळीच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. .३०८ इंचांऐवजी .२७७ इंच गोळीची नळी घेतली तर क्षेत्रफळ सुमारे १९ टक्क्यांनी घटते; .२५७ इंचांसाठी ते सुमारे ३० टक्क्यांनी घटते. तेवढ्याच वायूला पसरायला कमी जागा मिळते. त्यातच या बारीक नळीच्या काडतुसांना पूर्ण वेग मिळावा म्हणून त्यांत मंद दारू भरतात. दोन्ही कारणांचा परिणाम एकाच दिशेने होतो आणि टोकाजवळच्या छिद्रापाशी दाब वाढतो. म्हणून बोल्टच्या दृष्टीने .२७० वा .२५-०६ हे सख्ख्या भावंडांसारखे असले, तरी गॅरंडच्या चालक दांड्याच्या दृष्टीने ते परकेच होत.

.३५ व्हेलेनची गोष्ट याच्या उलट आहे. त्याच्या नळीचे क्षेत्रफळ सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक आणि दारू मध्यम गतीची. छिद्रापाशी दाब उतरतो. छिद्र किंचित मोठे करून यंत्र चालविता येते. .३०८ मध्ये नळीचा व्यास तोच, पण पुंगळी लहान आणि दारू कमी. तेथेही छिद्र मोठे करण्याची गरज पडते. छिद्र मोठे करणे सोपे आहे, लहान करणे जवळपास अशक्य. म्हणून नव्या नळीचे छिद्र आधी बारीक पाडून, चाचणी घेत घेत रुंद करण्याची पद्धत कारागीर पाळतात. वायू नियंत्रित करणारा समायोज्य स्क्रूही मिळतो. तो सोयीचा आहे; पण मुळातच न जुळणारे काडतूस त्याने जुळत नाही.

ज्या रायफलींचे वायुछिद्र टोकापासून बरेच मागे आहे आणि ज्यांचा दट्ट्या आखूड आहे, त्यांना हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. एफएन कारखान्याची १९६७ पासूनची ‘ब्राउनिंग बीएआर’ ही शिकारी रायफल .२७० पासून .३३८ विंचेस्टर मॅग्नमपर्यंत अनेक काडतुसांसाठी निघाली. (याच नावाची १९१८ ची लष्करी रायफल निराळी, दोहोंत नावापलीकडे साम्य नाही.) मात्र तेथेही कारखान्याने मॅग्नमसाठी वेगळे भाग वापरले.

नौदलाचा धडा

गॅरंडचे कॅलिबर हा विषय तिच्या जन्मापासूनच वादाचा होता. जॉन गॅरंड यांनी ती .२७६ पेडरसन या लहान काडतुसासाठी आखत आणली होती. १९३२ मध्ये लष्करप्रमुख डग्लस मॅकार्थर यांनी .३० कॅलिबर कायम ठेवण्याचा निर्णय दिला. त्यामागे त्या काडतुसांचा प्रचंड साठा हे एक मोठे कारण होते. १९३६ मध्ये रायफल स्वीकारली गेली ती .३०-०६ मध्येच. पुढे १९५० च्या दशकात नाटोचे ७.६२ मिलिमीटर काडतूस प्रमाण ठरल्यावर अमेरिकन नौदलाकडे जुन्या गॅरंड शिल्लक होत्या. नळ्या बदलण्याचा खर्च वाचविण्यासाठी नौदलाने प्रथम जुन्या चेंबरमध्ये एक आखूड धातूची बाही ठोकून बसविली. गोळीचा व्यास तोच असल्यामुळे कल्पना कागदावर निर्दोष होती. प्रत्यक्षात काही बारांनंतर रिकाम्या पुंगळीबरोबर ती बाहीही निघून बाहेर पडू लागली. अशा रायफलीत पुढचे आखूड काडतूस लांब चेंबरमध्ये उडाले तर पुंगळी फुटण्याचा धोका उघड होता. अखेर नव्या नळ्या घालाव्या लागल्या, वायुछिद्रे मोठी करावी लागली आणि जुने लांब काडतूस चुकूनही भरता येऊ नये म्हणून मॅगझिनमध्ये एक ठोकळा बसवावा लागला. शेवटची तरतूद सर्वांत क्षुल्लक दिसते, पण माणसाच्या हातून होणारी चूक गृहीत धरणारी तेवढीच एक होती.

आटे व गोळीचे वजन

नळीतील मळसूत्री आट्यांचा पीळ गोळीच्या लांबीशी जुळला पाहिजे, एवढेच येथे सांगणे पुरेसे आहे. १९५५ मध्ये रेमिंग्टनने .२४४ हे काडतूस १२ इंचांत एक फेरा या सैल पिळासह बाजारात आणले. विंचेस्टरने त्याच वर्षी.२४३ साठी १० इंचांत एक फेरा ठेवला. हरणांच्या शिकारीसाठी लोकांना जड गोळी हवी होती आणि सैल पीळ तिला नीट स्थिर करीत नाही अशी समजूत झाली. काडतूस चांगले असूनही मागे पडले. १९६३ मध्ये पीळ घट्ट करून त्याला ६ मिलिमीटर रेमिंग्टन असे नवे नाव द्यावे लागले.

सावज व किमान शक्ती

कॅलिबर कशासाठी, याचे अंतिम उत्तर सावज देते. अपुऱ्या शक्तीची गोळी प्राण्याला मारत नाही, जखमी करून सोडते. त्यामुळे अनेक देशांनी किमान मर्यादा कायद्यानेच घातल्या आहेत. जर्मनीच्या संघीय शिकार कायद्यानुसार रो हरणासाठी १०० मीटर अंतरावर किमान १,००० जूल ऊर्जा लागते. त्याहून मोठ्या हरणांसाठी व रानडुकरासाठी किमान ६.५ मिलिमीटर व्यास आणि त्याच अंतरावर २,००० जूल लागतात. .२४३ विंचेस्टरची ६.५ ग्रॅमची गोळी सुमारे ९०० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते, म्हणजे नळीच्या तोंडाशी तिची ऊर्जा सुमारे २,६०० जूल असते. तरीही व्यास ६.१७ मिलिमीटर असल्यामुळे रानडुकरासाठी ते काडतूस तेथे निषिद्धच ठरते. त्या देशातील शिकाऱ्याने कमी धक्क्याच्या लोभाने .३०८ ऐवजी .२४३ ची नळी बसविली, तर त्याची रायफल रो हरणापुरतीच उरते.

.३०-०६ ची ११.७ ग्रॅमची गोळी सुमारे ८२० मीटर वेगाने ३,९०० जूलच्या आसपास ऊर्जा घेऊन निघते. उत्तर अमेरिका व युरोपातील बहुतेक मोठ्या सावजांना ती पुरते. बहुसंख्य मालकांच्या बाबतीत पूर्वीचेच कॅलिबर ठेवणे हाच सर्वांत सयुक्तिक निर्णय ठरतो, असे म्हणण्यास त्यामुळे आधार आहे. बदलाचे सबळ कारण उरते ते बव्हंशी कायद्याचे.

कायद्याने घडविलेली कॅलिबरे

फ्रान्समध्ये १९३९ च्या अध्यादेशापासून लष्करी काडतुसांची रायफल सामान्य शिकाऱ्याला सहजी मिळत नसे; .३०-०६ व .३०८ ही दोन्ही त्या बंधनात होती. परिणामी तेथे .२७०, .२८० रेमिंग्टन व ब्रेनेके यांचे ७×६४ ही काडतुसे लोकप्रिय झाली. त्यांचे बूड लष्करी काडतुसाएवढेच, पण नाव निराळे. २०१२ चा कायदा २०१३ मध्ये अमलात आल्यावर कॅलिबरवर आधारित हे वर्गीकरण बव्हंशी संपले व शिकाऱ्याला .३०-०६ मोकळे झाले. कायदा बदलला की कालची शहाणी निवड आज अकारण वाटू लागते.

भारताचा इतिहास याच प्रकारचा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश सरकारने .४५० कॅलिबरच्या रायफलींना भारतात मनाई केली, कारण बंडखोरांच्या हाती असलेल्या जुन्या लष्करी रायफलींना त्या काडतुसांचा उपयोग होण्याची भीती होती. इंग्लंडमधील कारखानदारांनी लगोलग .४६५ व .४७० सारखी नवी काडतुसे पुढे केली. लष्कराचे .३०३ टाळून नागरिकांसाठी रूढ झालेले .३१५, म्हणजे ८ मिलिमीटर कॅलिबर, हेही त्याच विचाराचे अपत्य. त्याची रायफल इशापूरच्या कारखान्यात बनली आणि काडतुसांच्या बुडावर पुण्याजवळच्या खडकी येथील कारखान्याची ‘के.एफ.’ ही मुद्रा न्यायवैद्यक शास्त्राच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे भारतात छंद म्हणून शिकार करता येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार शस्त्रात फेरफार वा दुरुस्ती करण्यासही परवाना लागतो. त्यामुळे हा विषय येथे व्यवहाराचा नसून अभ्यासाचा आहे.

परीक्षण व मुद्रा

युरोपातील सी.आय.पी. या १९१४ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या सदस्य देशांत नवी नळी बसविलेली रायफल अधिकृत परीक्षणगृहात न्यावी लागते. तेथे कमाल दाबापेक्षा २५ टक्के अधिक दाबाची काडतुसे तिच्यातून उडवितात व ती टिकल्यास नळीवर मुद्रा उमटवितात. अमेरिकेत अशी सक्ती नाही. जबाबदारी कारागिरावर व मालकावर राहते.

मुद्रेचे महत्त्व दोन उदाहरणांवरून लक्षात येईल. .२८० रेमिंग्टन हे काडतूस १९५७ मध्ये रेमिंग्टनच्या ७४० या अर्धस्वयंचलित रायफलीसाठीच आणले गेले व तिच्या यंत्राला झेपावे म्हणून त्याचा दाब .२७० पेक्षा कमी ठेवला गेला. त्याची गोळी .२७० पेक्षा किंचित जाड. ती चुकून .२७० च्या नळीत शिरू नये म्हणून पुंगळीचा खांदा मुद्दाम थोडा पुढे सरकविला; परिणामी ते काडतूस .२७० च्या चेंबरमध्ये बसतच नाही. तथापि १९७९ मध्ये त्याला ‘७ मिलिमीटर एक्सप्रेस’ असे नाव दिले गेले आणि ७ मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नमशी गल्लत होऊ लागल्याने लवकरच मूळ नाव परत घ्यावे लागले. याउलट २०११ मध्ये प्रमाणित झालेले .३०० ब्लॅकआउट हे काडतूस एआर-१५ च्या त्याच बोल्टमध्ये व त्याच मॅगझिनमध्ये बसते. केवळ नळी बदलली की काम होते, म्हणूनच ते लोकप्रिय झाले. पण काही गोळ्यांसह तेच काडतूस .२२३ च्या नळीतही बंद होऊ शकते; .३०८ इंचांची गोळी .२२४ इंचांच्या नळीत घुसू पाहते आणि रायफल फुटते.

गॅरंडच्या रिसीव्हरच्या मागील भागावर ‘यू.एस. रायफल, कॅल. .३०, एम-१’ ही अक्षरे कारखान्यातच कोरलेली असतात. नळी .३०८ ची बसविली काय किंवा .३५ व्हेलेनची बसविली काय, ती अक्षरे तशीच राहतात. म्हणून नळी बदलणाऱ्या कारागिराने नवे कॅलिबर नळीवर, बोल्ट उघडताच दिसेल अशा जागी, ठळकपणे कोरणे आवश्यक असते. जुनी रायफल विकत घेणाऱ्यानेही रिसीव्हरवरील अक्षरांवर विसंबू नये. नळीवर मुद्रा नसल्यास चेंबरचा साचा काढून तो मोजून घेतल्याशिवाय त्या रायफलीत कोणतेही काडतूस भरू नये.